तुरा कोणत्या उन्हात निघतो?

बालाघाट जिल्ह्याच्या सखल भागात, म्हणजे वारासिवनी, कटंगी, किरनापूर, लांजी या वैनगंगेच्या पट्ट्यात, शेती म्हटली की धान. २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालेला चिन्नोर तांदूळ याच मातीतला. पावसाळी धान कापून झाले की जिथे कालव्याचे किंवा बोअरचे पाणी पुरते तिथे त्याच बांध्यांमध्ये उन्हाळी धान उभे राहते. मार्च ते मे या महिन्यांत ते जेवढे पाणी पिते तेवढे दरवर्षी जमिनीतून उपसत राहणे कुठल्याच जिल्ह्याला झेपणारे नाही. म्हणून बालाघाटात, तसेच लागून असलेल्या गोंदिया-भंडाऱ्यात, उन्हाळी धानाऐवजी मका घ्या हा सल्ला आता सर्रास दिला जातो. पाण्याच्या हिशेबाने तो योग्यच आहे. पण त्याला एक वाक्य हमखास जोडले जाते: मका उष्ण प्रदेशातले पीक आहे, त्याला ऊन बाधत नाही. हे वाक्य मक्याच्या पानाबद्दल बरेचसे खरे आहे, परागाबद्दल खोटे आहे, आणि दाणा भरायचा तर परागाशिवाय गत्यंतर नाही. पान आणि पराग यांच्यातला हा फरक मक्याच्या जनुकांच्या कामकाजात रुजलेला आहे. तो नीट समजून घेतला, तर उन्हाळी मक्याबद्दल पाण्याच्याही आधी विचारायचा प्रश्न हा ठरतो की तुरा कोणत्या तारखेला बाहेर पडणार.

उष्णतेने पेशीत नेमके काय बिघडते ते आधी पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक पद्धतीने दुमडलेली असते आणि त्या घडीवरच तिचे काम अवलंबून असते. तापमान वाढले की घडी सैल पडते. आत दडलेले, पाण्यापासून दूर राहू पाहणारे भाग उघडे पडतात, शेजारच्या प्रथिनांना चिकटतात आणि निकामी गोळे तयार होऊ लागतात. हा धोका ओळखण्याची पेशीची रीत फार सुंदर आहे. एचएसपी-७० आणि एचएसपी-९० ही दुसऱ्या प्रथिनांची घडी सांभाळणारी प्रथिने पेशीत नेहमीच हजर असतात. एरवी त्यांतली काही प्रथिने उष्णता-नियामकांना धरून, निष्क्रिय ठेवून बसलेली असतात. घडी उसवलेली प्रथिने वाढू लागली की ही सांभाळणारी प्रथिने त्यांच्या मदतीला जातात आणि नियामक मोकळे होतात. मोकळे झालेले नियामक तिघांच्या गटाने एकत्र येतात, केंद्रकात शिरतात आणि डीएनएवरच्या विशिष्ट जागांना चिकटून शेकडो जनुके चालू करतात. काही मिनिटांत नव्या उष्णतारोधक प्रथिनांचे उत्पादन सुरू होते. म्हणजे पेशी हवेचे तापमान थेट मोजण्यापेक्षा त्या तापमानाने स्वतःच्या आत किती बिघाड केला हे मोजते. १९६२ साली नेपल्सच्या प्रयोगशाळेत फेरुच्चो रितोसा यांना फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेनंतर अचानक उठलेले फुगवटे दिसले होते. तिथून या शोधाची सुरुवात झाली. माशी असो, माणूस असो की मका, यंत्रणेचा गाभा एकच आहे. वनस्पतींना मात्र सावलीत पळून जाता येत नाही. माणसात असे मोजकेच नियामक असतात, तर मक्यात त्यांची सुमारे २५ जनुके सापडली आहेत.

या फौजेतले एक प्रथिन जवळून पाहण्यासारखे आहे. एचएसपी-१०१ चे सहा रेणू कड्यासारखे एकत्र येतात आणि मधल्या भोकातून गोळा झालेल्या प्रथिनाची साखळी ओढून बाहेर काढतात, म्हणजे तिला पुन्हा नीट दुमडण्याची संधी मिळते. मक्यात त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर आहे. २००२ साली मेक्सिकोतल्या निएतो-सोतेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक मोडलेली मक्याची रोपे अभ्यासली. उष्णता मिळाल्यावर ती रोपे अपेक्षेप्रमाणे दुबळी ठरली. आधी थोडी ऊब देऊन सवय लावल्यावर जी सहनशक्ती वाढायला हवी तीही वाढली नाही. पण त्याच प्रयोगात एक वेगळी गोष्ट दिसली, आणि मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. सुखकर तापमानात, उगवणीच्या पहिल्या तीन दिवसांत, जनुक मोडलेल्या रोपांचे मूळ धडधाकट रोपांपेक्षा वेगाने वाढले. उष्णतेपासून रक्षण करणारे प्रथिन एरवीच्या वाढीला थोडे मागे खेचत होते. संरक्षणाची किंमत असते, म्हणूनच ही जनुके सदैव चालू नसतात; गरज पडेल तेव्हाच ती जागी होतात. साहजिकच सारे काही त्या जागे होण्याच्या वेळेवर येऊन ठेपते.

आणि इथेच पराग कमी पडतो. १९९० मध्ये फ्रान्समधल्या ड्यूपुई आणि ड्यूमा या संशोधकांनी मक्याचे फलन प्रयोगशाळेत, झाडापासून वेगळे करून घडवले, त्यामुळे नर आणि मादी भागांना स्वतंत्रपणे उष्णता देता आली. मादी भाग तापवून त्यावर ताजे पराग टाकले तर फलन व्यवस्थित होत होते. पराग तापवून न तापवलेल्या मादी भागावर टाकले तर ते कोसळत होते. मादी भागाने उष्णतारोधक प्रथिनांचा नेहमीचा संच तयार केला होता, पक्व परागाने केला नव्हता. याचे कारण परागाच्या आयुष्यक्रमातच आहे. पक्व होत असताना परागकण पुढच्या प्रवासाला लागणारे संदेशवाहक आरएनए आणि पिष्ट आधीच शिदोरीसारखे बांधून घेतो आणि मग कोरडा होत जातो. तुऱ्यातून सुटून कणसाच्या केसरावर पडायचे, तिथे रुजायचे, आणि अनेक सेंटिमीटर लांब केसराच्या आतून नळी वाढवत बीजांडापर्यंत पोचायचे, एवढ्याच कामासाठी तो सिद्ध असतो. त्या टप्प्यावर नवी जनुके चालू करून नवी प्रथिने घडवण्याची सोय त्याच्यात जवळपास उरलेली नसते. शिवाय तुरा झाडाच्या सगळ्यात वर, थेट उन्हात असतो, आणि कोरड्या हवेत मोकळा झालेला पराग फार वेळ जिवंत राहत नाही.

नुकसान फक्त पराग उडण्याच्या दिवसांत होते असेही नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेग्सी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात मक्याला दिवसा ३५ आणि रात्री २५ अंश तापमान अवघे ४८ तास दिले होते. बालाघाटच्या मानाने हे तापमान किरकोळच. वेळ मात्र अशी निवडली होती की परागमातृपेशीचे नुकतेच चार पेशींत विभाजन झालेले असावे. पुढे तापमान पूर्ववत केले तरी त्या परागात पिष्ट कमी भरले, तो नीट रुजला नाही आणि झाडे नर-वंध्य ठरली. हा टप्पा येतो तेव्हा तुरा अजून पोंग्यात असतो, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणजे धोक्याचा काळ तुरा दिसण्याच्या बराच आधी सुरू होतो आणि केसर वाळेपर्यंत चालतो.

यावर पहिला आक्षेप कृषी पदवीधर घेईल. मका सी-४ गटातले पीक आहे. धान आणि गहू सी-३. उन्हात सी-३ पिकांचा मोठा तोटा प्रकाशश्वसनातून होतो आणि मक्याने त्यावर उपाय शोधलेला आहे, मग त्याची एवढी काळजी का? मुद्दा रास्त आहे. मक्याचे पान धानाच्या पानापेक्षा जास्त तापमानात चांगले काम करते. पण २००२ मध्येच अमेरिकेच्या कृषी खात्यातील क्राफ्ट्स-ब्रँडनर आणि साल्वुची यांनी मोजून दाखवले की पानाचे तापमान ३८ अंशांच्या वर गेले की मक्याचेही प्रकाशसंश्लेषण घसरू लागते. कर्बवायू पकडणाऱ्या रुबिस्को या विकराला कार्यरत ठेवणारे रुबिस्को ॲक्टिव्हेज हे प्रथिन उष्णतेत लवकर लटके पडते, आणि सी-४ व्यवस्थेने ते मजबूत होत नाही. त्यांच्या प्रयोगात एक दिलासा देणारी बाबही होती: तापमान एकदम चढवण्याऐवजी हळूहळू वाढवले तर घसरण कमी होत होती. पान शिकते, म्हणून उन्हाळी मका मार्चच्या दुपारी हिरवागार उभा दिसतो. पण हिरवे पान पाहून कणीस भरेल असे गृहीत धरणे चूक आहे, कारण शिकण्याची ही क्षमता परागात नाही.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो अनुभवाचा आहे: पाणी वेळेवर दिले तर मका ऊन सहन करतो. यातही तथ्य आहे. पानातून बाष्प बाहेर पडले की पान थंड होते. पाणी संपले की हा गारवा संपतो. आफ्रिकेतल्या २०,००० हून अधिक मका-चाचण्यांचे विश्लेषण लोबेल, बँझिगर, मॅगोरोकोशो आणि विवेक यांनी २०११ मध्ये मांडले. ३० अंशांच्या वर गेलेल्या प्रत्येक अंश-दिवसामागे उत्पादन चांगल्या पावसात सुमारे १ टक्का आणि दुष्काळात १.७ टक्के घटते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एक अंश-दिवस म्हणजे ३१ अंशांवर काढलेले २४ तास. दुपारचे सहा तास ३८ अंश तापमान राहिले तर त्या एका दुपारीच दोन अंश-दिवस जमा होतात. आफ्रिकेचे आकडे वैनगंगेच्या काठावर जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. वाण वेगळे, माती वेगळी. तरी पाण्याने हा तोटा पूर्णपणे पुसला जात नाही, एवढे त्यातून निश्चित कळते. तुरा पानासारखा स्वतःला गार ठेवू शकत नाही, त्यामुळे बांधी ओली ठेवली तरी फुलोऱ्याची जोखीम उरतेच.

मग वाण तरी असे का मिळू नये की ज्याचा पराग टिकेल? इथे मक्याच्या जनुकसंचाची जडणघडण पाहावी लागते. २००९ मध्ये मक्याच्या बी-७३ या शुद्ध वाणाचा जनुकसंच वाचून झाला: सुमारे २३० कोटी अक्षरे, ३२ हजारांच्या आसपास जनुके, आणि एकूण डीएनएपैकी सुमारे ८५ टक्के भाग जागा बदलू शकणाऱ्या तुकड्यांचा. हे फिरते तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके अभ्यासताना शोधले. १९८३ साली त्यासाठी नोबेल मिळाले तेव्हाच्या भाषणात त्यांनी जनुकसंच धक्क्याला कसे उत्तर देतो याची उदाहरणे दिली आणि त्यांत उष्णतेच्या धक्क्याचा उल्लेख केला. त्या दिशेचा पुरावा पुढे मिळत गेला. २०१५ मध्ये नेथन स्प्रिंगर यांच्या गटाने दाखवले की उष्णता, थंडी, क्षार अशा ताणांत जागी होणारी मक्याची कितीतरी जनुके विशिष्ट कुळातल्या फिरत्या तुकड्यांच्या शेजारी बसलेली आहेत. ज्या वाणात तो तुकडा त्या जागी आहे तिथे जनुक ताणाला प्रतिसाद देते. ज्यात नाही तिथे तेच जनुक गप्प राहते. जनुक दोघांकडे आहे, ते चालू करणारी जागा एकाकडेच आहे. मक्याच्या दोन वाणांच्या उष्णता-प्रतिसादातला बराचसा फरक असा जनुकाच्या आजूबाजूच्या डीएनएमध्ये असतो. म्हणून पैदासकाराने उत्तम उष्णतारोधक जनुक शोधून वाणात घालावे ही कल्पना अपुरी पडते. जनुके आहेतच, ती कोणत्या अवयवात, किती लवकर आणि किती जोमाने चालू होतात यात वाण वेगळे पडतात, आणि हा फरक एका जागी गोळा झालेला नसून जनुकसंचभर विखुरलेला असतो.

एका जनुकाने काहीच साधत नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०२० मध्ये फ्लोरिडा आणि आयोवा स्टेट विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी दाण्याच्या पेशींतल्या पिष्ट साठवणाऱ्या अंगकात एका विकराचे उष्णतेत टिकणारे रूप पोचवले, आणि गरम हवामानातल्या शेतात कणसावरच्या दाण्यांची संख्या वाढली. काम अभिमानास्पद आहे. पण ही मदत फलन झाल्यानंतरच्या टप्प्याची आहे. परागच पोचला नसेल तर तिचा उपयोग नाही. शिवाय भारतात जनुक-रूपांतरित मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. बालाघाटच्या शेतकऱ्यापर्यंत आज पोचू शकणारा मार्ग निवड पद्धतीच्या पैदाशीचा आहे, आणि तो तुच्छ लेखण्याजोगा नाही. हैदराबादजवळ पटनचेरू येथून आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्राने, म्हणजे सिमिटने, पी. एच. झैदी यांच्या नेतृत्वाखाली आशियासाठी उष्णता-सहनशील मक्याचा प्रकल्प राबवला. भारत, नेपाळ, बांगलादेश आणि पाकिस्तान त्यात होते. पेरणी मुद्दाम उशिरा करून फुलोरा वर्षातल्या सर्वांत तापट दिवसांत आणायचा, कोणाचा तुरा करपतो आणि कोणाच्या कणसात दाणे भरतात ते पाहायचे, आणि टिकणारे निवडायचे, अशी ही पद्धत. त्यातूनच रायचूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा आरसीआरएमएच-२ हा संकरित वाण आला. याच शास्त्रज्ञ-वर्तुळातून २०१३ मध्ये आलेला एक निष्कर्ष बियाणे निवडताना फार उपयोगाचा आहे: दुष्काळ सोसणारे वाण आणि दुष्काळ व उष्णता दोन्ही एकाच वेळी सोसणारे वाण जनुकीयदृष्ट्या वेगळे निघतात. दुष्काळ-सहनशील म्हणून विकले जाणारे बियाणे उन्हाळ्यात चालेलच असे समजू नये.

आपल्याच भागातल्या जुन्या मक्याकडेही लोक आशेने पाहतात. बैहरच्या पठारावर बैगा कुटुंबे घराजवळच्या बाडीत पिढ्यान्‌पिढ्या मका लावत आली आहेत, आणि ते बियाणे जपण्याजोगेच आहे. पण उष्णतेच्या प्रश्नाचे उत्तर त्यातून आपोआप मिळणार नाही. तो मका पावसाबरोबर पेरला जातो, त्याचा फुलोरा ढगाळ, दमट, तुलनेने थंड दिवसांत येतो. चाळीस अंशांतल्या फुलोऱ्याची परीक्षा त्याला कधी द्यावीच लागली नाही, म्हणून त्या गुणासाठी त्याची निवडही झालेली नाही. जवळच्या छिंदवाड्याच्या मक्याचेही बहुतांशी हेच. तो जिल्हा मक्यासाठी प्रसिद्ध आहे, जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाच्या तिथल्या केंद्राने जवाहर मालिकेतले वाण दिले आहेत, पण तिथले मुख्य पीक खरिपाचे आहे. छिंदवाड्यात मका इतका होतो, मग बालाघाटच्या उन्हाळ्यात का होणार नाही, हा युक्तिवाद दोन वेगळ्या ऋतूंची तुलना करतो.

आता तारखांचा हिशेब. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात पेरलेल्या रब्बी मक्याचा फुलोरा थंडीच्या शेवटी येतो. परागासाठी याहून बरा काळ नाही. फेब्रुवारीत पेरलेल्या मक्याचा तुरा एप्रिलमध्ये निघतो, आणि या भागात एप्रिलचा दुपारचा पारा ४० च्या आसपास असतो. मधल्या, डिसेंबरअखेरच्या पेरणीला पूर्वी थोडी मोकळीक होती. तिचा फुलोरा मार्चमध्ये उरकत असे. पण २०२२ चा मार्च देशाच्या कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च ठरला. म्हणजे ती मोकळीकही भरवशाची राहिलेली नाही. अडचण खरी आहे: चिन्नोरसारखे लांब मुदतीचे धान उशिरा निघते, आणि त्यानंतरची ओलसर, चिकण बांधी मक्यासाठी तयार करायला वेळ लागतो. शेतकरी हौसेने उशीर करत नाही. म्हणून मक्याचा निर्णय जूनमध्येच, धानाचा वाण निवडतानाच व्हायला हवा. ज्या बांधीत मका घ्यायचा तिथे लवकर निघणारे धान लावावे. चिन्नोर दुसऱ्या बांधीत ठेवावा आणि त्यानंतर तिथे हरभरा, जवस किंवा लाखोळी घ्यावी. फेब्रुवारीशिवाय गत्यंतरच नसेल, तर फुलोऱ्यातल्या उष्णतेवर पारखलेले संकरित बियाणेच मागावे आणि ते मिळत नसेल तर मका टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारीचा मकाही काही वर्षे पिकतो हे मला मान्य आहे. आठवडाभर आभाळ भरून आले की पराग वाचतो. पण कुठल्या वर्षी काय घडले हे नोंदल्याशिवाय नशीब आणि वाण यांचा फरक कळणार नाही. कृषी विश्वविद्यालयाचे महाविद्यालय बालाघाट जिल्ह्यातच आहे. एकच वाण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पंधरा-पंधरा दिवसांनी पेरून तुरा, केसर आणि तापमान यांची रोजची नोंद ठेवणे हे विद्यार्थ्यांना सहज जमणारे काम आहे. शेतकऱ्यालाही आपल्या शेतात कारण ओळखता येते. प्रत्येक केसर एकाच बीजांडाला जोडलेला असतो. पराग पोचला नाही तर तेवढा एक दाणा भरत नाही. कणीस सोलल्यावर दाणे सगळीकडे विखुरलेले, मध्येमध्ये मोकळ्या जागा सोडून बसलेले दिसले, तर पराग मेला होता किंवा कमी पडला होता आणि पेरणीची तारीख बदलायला हवी. ओळी बुडापासून भरलेल्या असून फक्त टोकाकडचे दाणे बारीक, सुकलेले असतील, तर फलन झाले होते आणि नंतर अन्न किंवा पाणी कमी पडले; तिथे तारखेपेक्षा खत-पाण्याकडे पाहावे.